अब्राहम काहान आणि यिडिश कामगारांचं दैनिक

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ईस्ट ब्रॉडवे या रस्त्यावर एक दहा मजली इमारत आहे. १९१२ साली ती बांधून झाली तेव्हा आजूबाजूच्या पाच-सहा मजली दाटीवाटीच्या घरांमध्ये ती लांबूनही उठून दिसायची. दर्शनी भागावर कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांचे चेहरे कोरलेले. इमारत होती एका वर्तमानपत्राची, आणि ते पत्र वाढलं होतं शिंपी, टोप्या शिवणारे, सिगार वळणारे आणि हातगाडीवर माल विकणारे यांच्या पैशांवर. पत्राचं नाव ‘फोरवेर्ट्स’, भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची रोजची बोली. इंग्रजी जग त्याला ‘फॉरवर्ड’ म्हणतं. जवळपास अर्धं शतक या पत्राचे संपादक होते अब्राहम काहान, आणि या पत्राची गोष्ट त्यांच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही.

काहान यांचा जन्म ७ जुलै १८६० चा, व्हिल्ना (आजचं व्हिल्नियस) शहराजवळच्या पाबेर्झे या लहानशा गावातला. आजोबा रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, वडील मुलांना हिब्रू शिकवणारे. घरची परिस्थिती बेताची. सहाएक वर्षांचे असताना कुटुंब व्हिल्नाला आलं. हे शहर ज्यू धर्मशास्त्राच्या अभ्यासाचं मोठं पीठ मानलं जायचं आणि मुलानंही त्याच वाटेनं जावं अशी घरची इच्छा होती. मुलाला मात्र रशियन पुस्तकांची गोडी लागली. पुढे त्यांनी ज्यू शिक्षक तयार करणाऱ्या तिथल्या सरकारी अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळवला. तिथे शिकवणं रशियनमधून चालायचं आणि शिस्त कडक होती. विद्यार्थ्यांमध्ये मात्र बंदी घातलेली क्रांतिकारी पत्रकं हातोहात फिरत. काहान त्या वाऱ्यात सापडले ते कायमचे. धर्मावरची श्रद्धा गेली आणि तिच्या जागी समाजवाद आला.

१८८१ साली ते पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पीटर्सबर्गला झार अलेक्झांडर दुसरा याची बाँब टाकून हत्या झाली. मारेकऱ्यांच्या गटात एक ज्यू तरुणी होती. तेवढं निमित्त पुरलं. वसंत ऋतूत येलिसाव्हेतग्राडपासून दंगली सुरू झाल्या आणि दक्षिण रशियातल्या कित्येक गावांमध्ये ज्यूंची घरं-दुकानं लुटली गेली. मे १८८२ मध्ये नवे निर्बंध आले. ज्यूंना ठरावीक पश्चिमी प्रांतांतच राहण्याची सक्ती आधीपासून होतीच, आता खेड्यांत नव्यानं वस्ती करण्यावरही बंधन आलं. काहान त्या वेळी व्हितेब्स्क प्रांतातल्या व्हेलिझ गावी शिक्षक होते. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून पोलिसांनी झडती घेतली. पुढे काय वाढून ठेवलंय हे ओळखून त्यांनी गाव सोडलं, चोरून सरहद्द ओलांडली आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या ब्रोडी गावी पोचले. हजारो निर्वासित तिथे अडकून पडले होते. तिथून लिव्हरपूल, आणि जूनमध्ये फिलाडेल्फियाचा धक्का. दुसऱ्या दिवशी ते न्यूयॉर्कला होते. वय एकवीस, बाविसावं लागायला महिना बाकी.

या सगळ्याला इतकी जागा दिली, कारण पुढचे त्यांचे बहुतेक वाचक याच वाटेनं आले होते. १८८१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले. त्यांतला मोठा हिस्सा न्यूयॉर्कलाच थांबला आणि बराचसा याच एका भागात कोंबला गेला. एकेका खोलीत कुटुंब, वर भाडं भागवायला ठेवलेला पोटभाडेकरू, आणि त्याच खोलीत दिवसभर शिवणयंत्रं. तयार कपड्यांचा धंदा अमेरिकेत तेव्हा झपाट्यानं वाढत होता आणि त्याला लागणारे हात जहाजांतून उतरत होते. आलेल्या माणसाला कोणत्या हालांतून आलास असं विचारायची काहान यांना गरज नव्हती.

सुरुवातीला त्यांनीही सिगारच्या कारखान्यात काम केलं, मग पत्र्याच्या कारखान्यात. इंग्रजी मात्र जिद्दीनं शिकले. बाविशीतला हा शिकलेला माणूस काही महिने प्राथमिक शाळेत लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला, कारण उच्चार कानावर पडायचे तर तिथेच पडतील अशी त्यांची खात्री होती. थोड्याच काळात ते इतर स्थलांतरितांना रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकवू लागले. अनेक वर्षं त्यांच्या पोटापाण्याचा आधार हीच शिकवणी होती.

त्याच पहिल्या उन्हाळ्यातला एक प्रसंग त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे असं मला वाटतं. रशियातून आलेल्या समाजवादी तरुणांनी ज्यू कामगारांसाठी सभा ठेवली होती आणि व्याख्यान झालं रशियनमध्ये. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ते धड कळत नव्हतं. काहान यांनी विचारलं की कामगारांशी बोलायचंय, तर त्यांच्याच भाषेत का नाही बोलायचं? मंडळी हसली. यिडिश म्हणजे घरातली, बाजारातली बोली, शिकलेले लोक तिला ‘जार्गन’ म्हणून नाकं मुरडत. त्या भाषेत मार्क्स कसा सांगणार? तुम्हीच सांगून दाखवा, असं त्यांना आव्हान मिळालं. ऑगस्ट १८८२ मध्ये सहाव्या रस्त्यावरच्या एका जर्मन गुत्त्याच्या मागच्या दालनात त्यांनी यिडिशमध्ये भाषण केलं. वरकड मूल्य, वर्गलढा हे सगळं त्यांनी रोजच्या बोलीत समजावून दिलं. अमेरिकेतलं यिडिशमधलं पहिलं समाजवादी भाषण म्हणून ते ओळखलं जातं. त्या काळी समाजवादी मंडळींना यिडिश ही तात्पुरती सोय वाटायची, कामगार एकदा शिकले की ती टाकून द्यायची. काहानही तात्त्विक चर्चेत असंच म्हणत. पण लिहिताना-बोलताना त्यांनी तिला कधी कमी लेखलं नाही, आणि इतर नेत्यांपेक्षा त्यांचे कान याच बाबतीत वेगळे होते.

यिडिश पत्रं तेव्हा नव्हती असं नाही. १८८५ पासून ‘यिडिशेस टागेब्लाट’ हे दैनिक निघत होतं, धार्मिक आणि पुराणमतवादी वळणाचं. तिथली भाषा जड जर्मन शब्दांनी लादलेली असायची, कारण तेवढं केल्याशिवाय लिखाण प्रतिष्ठित होत नाही असा समज होता. काहान यांनी १८८६ मध्ये एका मित्राबरोबर एक समाजवादी साप्ताहिक काढलं, ते लगेच बंद पडलं. १८९० मध्ये ‘आर्बेटर त्साइटुंग’ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते त्याचे संपादक झाले. तिथे त्यांनी एक सदर चालवलं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, दर आठवड्याला तोरा या धर्मग्रंथातला ठरावीक भाग वाचतात आणि प्रवचनकार त्यावर बोलतो. काहान यांनी तोच साचा उचलला. ‘कामगारांचा प्रवचनकार’ असं टोपणनाव घेऊन ते त्या आठवड्याचा पाठ घेत, आणि मोझेसच्या गोष्टीवरून बोलता बोलता कामाच्या तासांवर, मजुरीवर, संपावर येत. स्वतः नास्तिक असलेल्या माणसानं धार्मिक वाचकाच्या ओळखीच्या वाटेनं त्याच्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. पक्षातल्या कडव्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी मुद्दाम मेजवान्या आणि नाच ठेवणारे लोक होते ते.

१८९१ साली ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली, तेव्हा काहान अमेरिकेतल्या ज्यू कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि ज्यूद्वेषाचा निषेध करणारा ठराव त्यांनी मांडला. परिषदेनं अखेर ज्यूद्वेष आणि ज्यूप्रेम या दोन्हींच्या प्रचाराचा एकाच दमात निषेध केला. दंगलीत घरं जळालेल्यांच्या प्रतिनिधीला मिळालेलं हे उत्तर आजही वाचवत नाही.

‘फोरवेर्ट्स’चा जन्म भांडणातून झाला. समाजवादी मजूर पक्षाचे नेते डॅनियल डी लिऑन यांना पक्षाच्या यिडिश पत्रांवर पूर्ण ताबा हवा होता. त्याला कंटाळून फुटलेल्या गटानं, त्यात काहान आणि लुई मिलर हे पुढे होते, पैसे गोळा करून २२ एप्रिल १८९७ रोजी नवं दैनिक काढलं. बर्लिनच्या जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुखपत्राचं नावच त्याला दिलं. मालकी एका संस्थेकडे, नफा कोणाच्या खिशात जाणार नाही, असं ठरलं. काहान पहिले संपादक झाले आणि काही महिन्यांतच बाहेर पडले. त्यांना वाचनीय पत्र हवं होतं, सहकाऱ्यांना पक्षाच्या वादांत डी लिऑनला उत्तर देणारं. दोन्ही एकाच पानावर बसेना.

मग आली ती वर्षं ज्यांनी काहान यांना खऱ्या अर्थानं वार्ताहर बनवलं. १८९७ पासून चारेक वर्षं ते ‘कमर्शियल ॲडव्हर्टायझर’ या इंग्रजी दैनिकात होते. शहर आवृत्तीचे प्रमुख लिंकन स्टेफन्स, पुढे नगरपालिकांमधला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणणारे. स्टेफन्स आपल्या वार्ताहरांना सांगत, खून झाला तर खून करणाऱ्याचं आयुष्य शोधा, ती तुमची बातमी. काहान पोलीस मुख्यालयात बसू लागले. गुन्हे, आगी, कोर्टकचेऱ्या, बंदरावर उतरणारे लोक, असं सगळं त्यांनी पालथं घातलं. त्याच्या बदल्यात त्यांनी हार्वर्डमधून आलेल्या तरुण सहकाऱ्यांना यिडिश नाटकं दाखवली, कॉफीच्या दुकानांत चालणारे वाद ऐकवले आणि टॉल्स्टॉय-चेखॉव्ह समजावून दिले.

इंग्रजी साहित्यातही त्यांचं नाव होऊ लागलं होतं. अमेरिकेतले त्या काळचे वजनदार लेखक-समीक्षक विल्यम डीन हॉवेल्स यांनी त्यांना लिहितं केलं आणि १८९६ साली ‘येकल’ ही छोटी कादंबरी आली. अमेरिकेत येऊन ‘जेक’ झालेला एक शिंपी आणि मागून आलेली, धर्मरीतीप्रमाणे डोक्यावर विग घालणारी त्याची बायको यांची ती गोष्ट. हॉवेल्स यांनी परीक्षणात काहान यांना कादंबरीकार स्टीफन क्रेनच्या जोडीला बसवलं. इथून पुढे ते इंग्रजीतले कादंबरीकार म्हणून स्थिरावू शकले असते. पत्नी ॲना हीही कीव्हहून आलेली, साहित्याची उत्तम जाण असलेली. तिचा ओढा याच बाजूला होता. तरीही १९०२ साली काहान ‘फोरवेर्ट्स’कडे परतले, पण संपादकाचा शब्द अखेरचा राहील या अटीवर.

परतल्यावर त्यांनी अंकाचा चेहरामोहराच बदलला. लांबलचक सैद्धांतिक लेख मागे गेले. पुढे आल्या साध्या वाक्यांतल्या बातम्या, माणसांच्या गोष्टी, घरातले प्रश्न. शॉप, बॉस, स्ट्राइक, जॉब हे इंग्रजी शब्द वाचकांच्या तोंडी होतेच, ते त्यांनी बिनदिक्कत यिडिश मजकुरात येऊ दिले. भाषेच्या शुद्धतेची काळजी वाहणारे यावर शेवटपर्यंत चिडून होते. पुढे व्हिल्नात यिडिशच्या अभ्यासाची संस्था निघाली, प्रमाण लेखन ठरलं, तरी ‘फोरवेर्ट्स’ आपल्या जुन्या वळणावर अडून राहिलं. त्यांनी लेकरांना स्वच्छ रुमाल देऊन शाळेत पाठवा असं आयांना सांगणारा मजकूर छापला, तेव्हा सहकारी म्हणाले, रुमालाचा आणि समाजवादाचा काय संबंध? काहान यांना तो संबंध दिसत होता. शाळेत ज्या पोराला नाक पुसायला रुमाल नाही म्हणून हसतात, त्याची आई हे पत्र वाचत होती.

या खेपेलाही ते टिकले नाहीत. सहा महिन्यांत पुन्हा खटका उडाला आणि ते निघून गेले. त्यांना पक्षी पाहण्याचा छंद होता. १९०३ च्या वसंतात ते शहराबाहेर पक्ष्यांच्या मागे हिंडत असताना रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरातल्या कत्तलीची बातमी आली. ईस्टरच्या दिवसांत दोन दिवस चाललेल्या त्या हिंसाचारात ४९ ज्यू मारले गेले होते. काहान उठून न्यूयॉर्कला, थेट ‘फोरवेर्ट्स’च्या कचेरीत गेले आणि कामाला लागले. त्यानंतर मृत्यूपर्यंत या पत्राशी त्यांचं नातं तुटलं नाही.

१९०३ सालीच एका बापानं पत्र पाठवलं. मुलगा बेसबॉल खेळतो, धडधाकट पोरं वेड्यासारखी चेंडूमागे धावतात, हा काय प्रकार आहे? काहान यांचं उत्तर होतं की खेळू द्या, बुद्धिबळाइतकंच शरीरही महत्त्वाचं आहे, फक्त अभ्यास बुडता कामा नये आणि मुलं आपल्याच देशात परकी होता कामा नयेत. १९०९ मध्ये तर त्यांनी बेसबॉलचे नियम मैदानाच्या आकृतीसह छापले.

मग जानेवारी १९०६. त्यांचा चिटणीस तीन पत्रं घेऊन आला, कोणत्याच सदरात न बसणारी. काहान यांनी ती तशीच छापायला लावली आणि सदराला नाव दिलं ‘बिंटेल ब्रीफ’, म्हणजे पत्रांचं गाठोडं. पहिल्या पत्रातली बाई आपल्याच एका शेजारणीला उद्देशून लिहीत होती. घरात एक घड्याळ होतं, अडीअडचणीला ते गहाण टाकायचं आणि भाकरीची सोय करायची. ते चोरीला गेलं होतं. शेजारीणही तितकीच गरीब. बाई म्हणते, तू ते गहाण टाकलं असशील तर पावती टपालानं पाठवून दे, मी तुला काही म्हणणार नाही, आपण पूर्वीसारख्याच मैत्रिणी राहू.

मला वाटतं, काहान यांनी संपादक म्हणून केलेलं सर्वांत मोठं काम हे सदर. त्याच्या मागची दृष्टी त्यांनी स्टेफन्सकडून आणि रशियन कादंबऱ्यांमधून घेतली होती, पण वापर पूर्णपणे त्यांचा. शिंप्याच्या घरातली गहाणाची पावती ही बातमी आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. पत्रांचा पूर लोटला. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते कचेरीत येत आणि तिथे त्यांच्याकडून ऐकून पत्र लिहून घेतलं जाई. रशियात राहिलेली बायको आणि इथे जमलेली दुसरी, संपात काम केल्याबद्दल मनाला लागलेली टोचणी, कारखान्यातल्या फोरमननं केलेली लगट, शिकलेल्या मुलाला वाटणारी अडाणी आईची लाज, देव न मानणाऱ्यानं वडिलांच्या पुण्यतिथीला सिनेगॉगमध्ये जावं की नाही, असं सगळं त्यात आहे. एकानं विचारलं, माझ्या वाग्दत्त वधूच्या हनुवटीला खळी आहे, अशा माणसाचा पहिला जोडीदार लवकर मरतो म्हणतात, लग्न करू का? उत्तर आलं की दुःख खळीचं नाही, काही लोकांच्या डोक्याचा स्क्रू ढिला असतो त्याचं आहे. इतर वेळी उत्तरं बहुतेक सौम्य असत. बाप धार्मिक असेल तर त्याचं मन सांभाळा, बायकोला शिकायचं असेल तर शिकू द्या, आत्महत्येचा विचार सोडा, युनियनकडे जा. आरंभीची काही वर्षं काहान स्वतः उत्तरं लिहीत, नंतर ते काम सहकाऱ्यांकडे गेलं.

याच्याच जोडीला एक कठोर सदर चालायचं. बायको-पोरांना टाकून पळालेल्या नवऱ्यांचे फोटो, नावं आणि वर्णन त्यात छापत. ज्यू समाजाच्या मदतसंस्थांना या सोडून दिलेल्या बायकांचा प्रश्न इतका मोठा वाटत होता की १९११ मध्ये त्यासाठी वेगळी कचेरीच उघडली गेली. तिच्या मदतीनं ‘फोरवेर्ट्स’ हे फोटो शहरोशहरी पोचवत असे. शिकागो, बोस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांत पत्राच्या आवृत्त्या जात असल्यामुळे पळालेला माणूस ओळखला जाण्याची शक्यता चांगलीच वाढायची.

कामगार चळवळीत या पत्राचं स्थान काय होतं हे २२ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री दिसलं. ब्लाउज शिवणाऱ्या कामगारांची सभा कूपर युनियनच्या सभागृहात भरली होती. भाषणांवर भाषणं चालली होती. क्लारा लेमलिख ही तरुण कामगार उठली आणि यिडिशमध्ये म्हणाली की आता बोलणं पुरे, सार्वत्रिक संपाचा ठराव करा. अध्यक्षस्थानी ‘फोरवेर्ट्स’चे बेंजामिन फायगेनबाउम होते. त्यांनी सभेला जुन्या ज्यू शपथेच्या धर्तीवर उजवा हात वर करायला लावला: दिलेल्या शब्दाला मी जागलो नाही, तर वर केलेला हा हात खांद्यापासून झडून जावो. दुसऱ्या दिवसापासून हजारो मुली रस्त्यावर होत्या. पत्रानं संपासाठी पैसे गोळा केले, आणि पिकेटिंग करताना पकडल्या गेलेल्या मुलींच्या बातम्या रोज दिल्या. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, त्यात बहुसंख्य ज्यू आणि इटालियन मुली. दारं कुलूपबंद होती. शिवणकाम करत कवी झालेले मॉरिस रोझेनफेल्ड यांची शोककविता ‘फोरवेर्ट्स’नं पहिल्या पानावर उभी छापली.

पत्र आणि कामगार यांचं नातं मात्र एकतर्फी भक्तीचं नव्हतं. १९१३ च्या शिंप्यांच्या संपात तडजोड झाल्याची बातमी पत्रानं दिली, ती संपकऱ्यांना मान्य नव्हती, तेव्हा त्यांनी याच नव्या इमारतीच्या काचा दगडांनी फोडल्या. ज्या पत्राला ते आपलं मानत, त्याच्यावरच एवढा राग निघाला.

१९१४ साली या भागानं समाजवादी पक्षाचे मेयर लंडन यांना अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून पाठवलं. त्याच वर्षी काहान अटलांटाच्या तुरुंगात लिओ फ्रँकला भेटायला गेले. पेन्सिल कारखान्याचा हा ज्यू व्यवस्थापक एका मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरला होता. पुरावे डळमळीत होते आणि बाहेरचा जमाव फाशीसाठी ओरडत होता. काहान यांनी खटल्यावर सविस्तर लिहिलं. गव्हर्नरनं फाशी रद्द करून जन्मठेप दिल्यावर ऑगस्ट १९१५ मध्ये जमावानं फ्रँकला तुरुंगातून पळवून झाडाला लटकवलं. ज्या देशात सुरक्षित राहू म्हणून लोक आले होते त्या देशातली ही घटना काहान यांच्या मनातून कधी गेली नाही. आपल्या आत्मचरित्राचा शेवटचा खंड त्यांनी या खटल्याला दिला.

महायुद्धात त्यांचा हिशेब सरळ होता: झारचा शत्रू तो आपला. त्यामुळे अमेरिका युद्धात उतरेपर्यंत पत्राचा कल जर्मनीच्या बाजूनं राहिला. १९१७ नंतर टपाल खात्यानं सवलत काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा युद्धावर टीका न करण्याचं पत्रानं कबूल केलं. ही माघार होती, आणि पत्र वाचलं ते तिच्यामुळेच.

त्याच वर्षी त्यांची मोठी इंग्रजी कादंबरी पुस्तकरूपानं आली, ‘द राइज ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की’. खिशात चार सेंट घेऊन उतरलेला तालमुद या ज्यू धर्मशास्त्राचा एक विद्यार्थी कपड्यांच्या धंद्यात कोट्यधीश होतो, आणि सगळं मिळवून एकटा राहतो. ज्या कारखानदारांविरुद्ध काहान रोज लिहीत होते, त्यांच्यापैकी एकाच्या मनात शिरून त्यांनी ती त्याच्याच तोंडून सांगितली आहे. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या साहित्यात ती आजही महत्त्वाची मानली जाते. यानंतर त्यांनी इंग्रजीत कादंबरी लिहिली नाही.

१९२० च्या दशकात ‘फोरवेर्ट्स’चा खप दोन लाखांवर होता. परक्या भाषेत निघणाऱ्या पत्रांत अमेरिकेत त्याच्या तोडीचं क्वचितच एखादं असेल. यशाबरोबर संपादकाचा स्वभावही कडक होत गेला. काहान यांना विरोध खपत नसे. एकेकाळचे मित्र मिलर यांनी १९०५ मध्ये वेगळं दैनिक काढलं आणि दोघांत वर्षानुवर्षं जुंपली. लेखकांच्या मजकुरावर ते लाल पेन्सिल निर्दयपणे चालवत. रशियन क्रांतीचं त्यांनी आधी स्वागत केलं, मग बोल्शेव्हिकांच्या राज्यात समाजवादी तुरुंगात जाताहेत हे दिसल्यावर त्यांनी पाठ फिरवली. १९२२ मध्ये कम्युनिस्टांनी ‘फ्राइहाइट’ हे वेगळं यिडिश दैनिक काढलं आणि कपड्यांच्या युनियन्समध्ये दोन्ही गटांची उघड लढाई लागली. १९२७ मध्ये काहान स्वतः सोव्हिएत रशिया पाहून आले आणि त्यांची टीका आणखी धारदार झाली. १९२५ मध्ये पॅलेस्टाइनला गेले, झिओनवादावर, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारण्याच्या विचारावर, अविश्वास असूनही. तिथल्या कामगार वसाहतींचं त्यांनी मोकळ्या मनानं कौतुक केलं. पत्रातल्या जुन्या सहकाऱ्यांना ते झेपलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि पक्षाची भूमिका जुळत नसेल तर ते पाहिलेलं लिहीत, आणि यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

त्यांच्या हट्टाची दुसरी बाजू शोलेम आश यांना भोगावी लागली. आश हे यिडिशमधले जगभर वाचले जाणारे कादंबरीकार, ‘फोरवेर्ट्स’चे जुने लेखक. त्यांनी येशूच्या जीवनावर कादंबरी लिहिली. युरोपात हिटलरचं सावट असताना ज्यू लेखकानं हा विषय घ्यावा हे काहान यांना सहन झालं नाही. पत्रानं ती छापायला नकार दिला, आणि त्यांनी आश यांच्याविरुद्ध जवळपास मोहीमच चालवली. लेखकाला धर्मांतराच्या प्रचारकाच्या रांगेत बसवणं हा माझ्या मते अन्याय होता. त्याच पानांवर दुसरीकडे इझ्रायल जोशुआ सिंगर यांची कादंबरी क्रमशः येत होती. १९३५ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ आयझॅक बाशेव्हिस वॉर्सॉहून आला आणि याच पत्रात लिहू लागला. १९७८ चं साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळेपर्यंत आणि त्यानंतरही त्यांचं लेखन आधी यिडिशमध्ये इथेच छापलं जाई.

पत्राच्या ओहोटीची कारणं पत्राबाहेर होती, पण त्यातलं एक काहान यांनी स्वतः वाढवलेलं होतं. १९२४ च्या कायद्यानं पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा घातला आणि नवे यिडिश वाचक येणं जवळपास थांबलं. आधीच आलेल्यांची मुलं इंग्रजी शाळांत शिकून मोठी झाली होती, आणि मुलांना शाळेत, कॉलेजात घाला असं हेच पत्र तीस वर्षं सांगत आलं होतं. मग युरोपातला ज्यूंचा संहार. ज्या गावांतून पुढचे वाचक, लेखक आले असते ती गावंच उरली नाहीत. काहान यांना १९४६ मध्ये पक्षाघात झाला, दुसऱ्या वर्षी ॲना गेली. ३१ ऑगस्ट १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या बेथ इझ्रायल रुग्णालयात त्यांचं निधन झालं. हिलेल रोगॉफ यांनी संपादकपद सांभाळलं.

१९८३ मध्ये दैनिकाचं साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये त्याची स्वतंत्र इंग्रजी आवृत्ती सुरू झाली. ईस्ट ब्रॉडवेवरची इमारत त्याआधीच विकली गेली होती. तिथे काही काळ चिनी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमत, आता ती महागड्या सदनिकांची आहे. १९८६ मध्ये ती शहराच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आली. छापील अंक २०१९ मध्ये थांबला, यिडिश आणि इंग्रजी मजकूर इंटरनेटवर चालू आहे. १८९७ पासूनचे जुने अंक इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ज्यू वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात पाहता येतात. निवडक ‘बिंटेल ब्रीफ’ इंग्रजीत पुस्तकरूपानं आली आहेत आणि काहान यांच्या पाच खंडी यिडिश आत्मचरित्राचे पहिले दोन खंडही इंग्रजीत उपलब्ध आहेत. व्हिल्नातलं बालपण, गुत्त्यामागचं ते पहिलं भाषण आणि सिगार कारखान्यातले दिवस त्यात त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतात.